धुतलेली पिशवी

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये फर्निचर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी काम करते. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापं घ्यायची आणि कटिंगच्या याद्या काढायच्या, हे माझं काम. मी तिथे लागले त्याच्या कितीतरी आधीपासून आई तिथे घासकामाला होती. सुताराच्या हातून दार किंवा कपाटाचा पल्ला सुटला की तो आईच्या टेबलावर यायचा. आधी घासायचं मशीन, म्हणजे सँडर, फिरवायचा, मग हाताने पॉलिशपेपर मारायचा, मग डोळे मिटून तळवा फिरवायचा. तळव्याला काही लागलं नाही तरच पल्ला पॉलिशला जायचा. मी लागेपर्यंत कारखान्यात ती एकटीच बाई होती आणि तिचा तळवा हा तिथला शेवटचा शब्द होता.

त्या टेबलापासून आठ पावलांवर धूळ ओढणारं मशीन आहे. त्याला आम्ही नुसतं कलेक्टर म्हणतो. मधे मोटर, तिच्याकडे कटर आणि सँडरकडून येणारे जाड पाइप, आणि दोन पिशव्या. खालच्या पिशवीत भुसा पडतो. वरची कापडाची असते, तिच्यातून हवा गाळून बाहेर सुटते. बटण दाबलं की वरची पिशवी फुगून उभी राहते, बंद केलं की मान टाकते. आता त्या मशीनचं सगळं मीच बघते. खालची पिशवी तीनातले दोन हिस्से भरली की रिकामी करायची, त्यापुढे जाऊ द्यायची नाही, कारण मग भुसा उलटा वर उडतो आणि कापडात जाऊन बसतो. वरची पिशवी संध्याकाळी मोटर बंद झाल्यावर हाताने झटकायची. झटकूनही पाइपाच्या तोंडाशी ओढ बघायला धरलेली कागदाची पट्टी नीट चिकटेनाशी झाली, किंवा पिशवीच्या बाहेरून बोट फिरवल्यावर बोट पांढरं झालं, की ती पिशवी संपली. मग शिवण उसवलेली नसली तरी बदलायची. हे सगळं मला आज येतं. जेव्हा यायला हवं होतं तेव्हा येत नव्हतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात कामगार होते आणि कारखाना बंद पडल्यावरही त्यांचं पत्रकं काढणं बंद पडलं नाही. बदलापूरच्या आमच्या खोलीत पलंगाखाली ट्रंकेऐवजी पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. 'आपला हक्क' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी वाचता येत होते. बाबा गेले तेव्हा गठ्ठे माझ्या वाट्याला आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा आवाजही आला असावा, कारण आई मला तेव्हापासून पुढारीणबाई म्हणायला लागली.

"पुढारीणबाई, भाजी चिरता चिरता भाषण केलंत तरी चालेल," ती म्हणायची.

"तू ऐकत नाहीस म्हणून मोठ्याने बोलावं लागतं."

"तुझ्या बापाचं वीस वर्षं ऐकलं. आता माझे कान रिटायर झालेत."

मला ते दिवस फार आठवतात. सकाळी डबे भरून आम्ही दोघी बरोबर निघायचो आणि संध्याकाळी बरोबर परत यायचो. स्टेशनवरून घरी चालताना तिच्या ओढणीला सागवानाचा वास असायचा. किंचित कडू, किंचित तेलकट. दारात शिरण्याआधी ती ओढणी तीनदा झटकायची आणि संध्याकाळच्या उन्हात त्यातून पिवळी धूळ उडायची. मला ते बघायला आवडायचं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण आवडायचं.

खोकला आधी कोरडा होता. मग जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. थांबली की चप्पल नीट केल्यासारखं करायची. मी तिला ओढत अंबरनाथला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढला, एका नळीत फुंकायला लावलं, आणि फार न बोलता सांगितलं की धूळ थांबवा नाहीतर काम थांबवा. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "काम थांबवायचं नाही. हे एकदाच सांगते."

मला ते पटलं. आजही निम्मं पटतं. धूळ देवाने पाठवलेली नसते. कुणीतरी मशीन घेत नाही, कुणीतरी पिशवी बदलत नाही, म्हणून ती माणसाच्या छातीत जाते. मग काम माणसाने का सोडावं? धुळीने सोडावं. असं मी त्या रात्रीच एका कागदावर लिहिलं, सकाळी छापून आणलं आणि कारखान्याच्या भिंतीवर पाण्याच्या पिंपाशेजारी चिकटवलं. मथळा होता, 'श्वास हा पगाराचा भाग नाही'.

आमचे सेठ सिंधी आहेत. तिथेच जन्मलेले, मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त सगळ्यांना साईं म्हणतात आणि चिडले की सिंधीत जातात. ते चष्मा वर करून सगळं पत्रक वाचून मोकळे झाले.

"छान लिहिलंय, साईं. पण यात करायचं काय, ते कुठे लिहिलंय?"

"मशीन नीट ठेवायचं."

"कोण ठेवणार?"

"मी ठेवते."

"ठेवा मग. मिस्त्री गावाला चाललेत, उद्यापासून कलेक्टर तुमच्या ताब्यात. पिशवी, पाइप, जे लागेल ते मागा. मी नाही म्हणणार नाही."

मला वाटलं, मी जिंकले. हे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्या जिंकण्यातून झालं. सेठनी आपला शब्द पाळला. मागितलं ते दिलं. मीच चुकीचं मागितलं.

मिस्त्री म्हणजे आमचे मुख्य सुतार, उत्तर प्रदेशातले, साठीच्या आसपासचे. पुतणीच्या लग्नाला दीड महिन्यासाठी निघाले होते. जाता जाता त्यांनी मला मशीनपाशी उभं केलं. खालच्या पिशवीवर खडूने रेघ ओढली. "इसके ऊपर नहीं जाना चाहिए." मग वरच्या पिशवीकडे बोट केलं. "और इसको बस झटकना. और कुछ नहीं करना, बिटिया."

मी वरच्या पिशवीकडे बघितलं. ती काळपट पिवळी झाली होती, हात लावला तर आत पीठ लिंपल्यासारखं वाटायचं. वर्षानुवर्षं कुणी ती धुतली नव्हती. मी मनात म्हटलं, हा आळस आहे. ज्यांचा श्वास पणाला लागलेला नाही त्यांना पिशवी कशाला दिसेल. माझ्या डोक्यात तेव्हा एक नवं पत्रक तयार व्हायला लागलं होतं. त्यात 'स्वच्छता' हा शब्द चार वेळा येत होता.

उल्हासनगरात कापड धुणं ही काही अवघड गोष्ट नाही. आमच्या मागच्या गल्लीत जीन्स शिवतात आणि पुढे काही अंतरावर जीन्स धुण्याचा कारखाना आहे. नव्या पँटी तिथे दगडांबरोबर आणि औषधाच्या पाण्यात घुसळतात, म्हणजे त्या जुन्या आणि मऊ दिसतात. मी पिशवी काढली, सायकलच्या कॅरियरला बांधली आणि तिथे नेली. तिथला माणूस म्हणाला, "हे काय, हत्तीचा पायजमा?" मी म्हटलं, "धुवून द्या, एकदम पांढरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पिशवी आली ती ओळखू येईना. पांढरीशुभ्र, मऊ, औषधाचा वास येणारी. मी ती चढवली आणि बटण दाबलं. आधी कधी नव्हती अशी ओढ. पाइपाच्या तोंडाशी कागदाची पट्टी नेली तर ती हातातून सुटून आत गेली. कारखान्यातली पोरं टाळ्या पिटायला लागली. सेठ केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "मान गए." आईने सँडर बंद करून माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी चालताना तिने माझा हात धरला होता. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

मग मी दर शनिवारी पिशवी धुवायला द्यायला लागले. पुढचे पाच शनिवार.

आईचा खोकला वाढत गेला. आधी मला वाटलं हवा बदलली असेल. मग वाटलं, सेठ भुसा दाबून केलेला स्वस्तातला एमडीएफ बोर्ड आणतात, त्याचं पीठ बारीक असतं. ते खरंही आहे. मी त्याच्यावर दुसरं पत्रक लिहिलं. त्यात सेठना उद्देशून तीन प्रश्न होते. भिंतीवर आता माझी दोन पत्रकं शेजारी शेजारी होती आणि दोन्हींवर पांढरी पूड बसत होती. डब्यांच्या झाकणांवर बसत होती, पिंपाच्या तोटीवर बसत होती, माझ्या यादीच्या वहीवर बोटाने नाव काढता येईल इतकी बसत होती. मी ती दिवसातून दोनदा पुसायची आणि सेठवर चिडायची.

"मास्क हनुवटीवर घालायचा नसतो," मी आईला म्हणायची.

"चष्म्यावर धुकं येतं. दिसत नाही तर घासू काय, तुझं डोकं?"

ज्या दुपारी कळलं ती दुपार मला नीट आठवते. जेवणं होऊन नुकतंच काम सुरू झालं होतं. पश्चिमेच्या झरोक्यातून ऊन तिरकं आत येतं आणि त्या वेळेला ते बरोबर मशीनवर पडतं. आई सँडर खाली ठेवून उभी होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "इकडे ये. इथे उभी राहा. माझ्या जागेवर."

मी तिच्या जागेवर उभी राहिले. पांढरी पिशवी फुगलेली होती आणि तिच्या सगळ्या अंगातून धूर निघत होता. उन्हामुळे तेवढा दिसत होता. पातळ, एकसारखा, शांत. तो वर जात नव्हता. आईच्या टेबलाच्या दिशेने हळूहळू खाली उतरत होता.

"बाहेरची धूळ असेल," मी म्हटलं.

"पिशवीतून येतेय."

"धुतलेली पिशवी आहे ती. कालच."

"ते मला माहीत आहे," आई म्हणाली आणि तिने सँडर परत उचलला. तिला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा पल्ले द्यायचे होते. मी मशीन बंद केलं नाही. तिलाही काम थांबवायला सांगितलं नाही. मी उभी राहून त्या धुराला काही दुसरं नाव देता येतं का ते शोधत होते. त्यात आणखी तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी मिस्त्री परत आले. चहा घ्यायच्या आधी मशीनपाशी गेले. पिशवीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि उजेडाकडे केलं.

"इसको किसने नहलाया?"

मी सांगितलं. जीन्सच्या कारखान्यात, सहा वेळा. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की ओरडले नाहीत. मला एका लाकडी पेटीवर बसवलं आणि आपण समोर बसले. म्हणाले, नवं कापड धूळ अडवत नाही. कापडाची भोकं धुळीपेक्षा मोठी असतात. आत धुळीचा एक पातळ थर बसतो, तो थर पुढची धूळ अडवतो. झटकायचं ते जाड झालेलं पाडायला, थर काढायला नाही. "तवा देखा है न घर का? रोज साबुन से रगड़ोगी तो रोटी चिपकेगी. धूल ही धूल को रोकती है, बिटिया." आणि औषधाच्या पाण्याने, दगडांनी कापडाचा जीवच गेला होता. ते झिरझिरीत झालं होतं. ओढ वाढली होती ती त्यामुळेच. हवेला कुणी अडवत नव्हतं, तसं धुळीलाही कुणी अडवत नव्हतं.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"बोला तो था. बस झटकना, और कुछ नहीं."

बोलले होते. मी ते ऐकलं होतं आणि त्याला आळस हे नाव दिलं होतं. मला भिंतीवरचं छापील वाचायची सवय होती. चाळीस वर्षं लाकडात घालवलेल्या माणसाचं अर्धं वाक्य वाचायची नव्हती.

सेठ दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, आता ते आनंदाने उसळतील. ते एवढंच म्हणाले, "तिसरं पत्रक काढा, साईं. या वेळेला प्रश्न स्वतःला विचारा."

मी खरंच काढलं. हाताने लिहिलं. पिशवी मी धुतली, चूक माझी, मशीन कसं सांभाळायचं ते खालीलप्रमाणे. आधीची दोन पत्रकं काढली नाहीत, कारण त्यांतलं मागणं चूक नव्हतं. एमडीएफचं पीठ आजही बारीकच आहे आणि श्वास आजही पगारात धरलेला नाही. त्याच आठवड्यात सेठनी अंबरनाथच्या एमआयडीसीतून जाड, दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या दोन नव्या पिशव्या आणवल्या. एक चढवायची, एक कपाटात. मिस्त्रींनी मला नवी पिशवी मुरवायला शिकवलं. पहिले काही दिवस सागवानाचाच भुसा ओढू द्यायचा, बारीक बोर्ड कापायचा नाही, झटकायचं नाही. थर धरू द्यायचा. तोवर आई तिच्या टेबलाशी नको, असं मीच ठरवलं.

ती परत आलीच नाही. त्या दिवसांत तिला घरी बसवलं होतं तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा नळीत फुंकायला लावलं आणि आकडा बघून मान हलवली. हे सहा आठवड्यांचं नाही, ते म्हणाले, वर्षांचं आहे. त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असावं. मी मनात ते सहा आठवडे वर्षांतून वजा करून बघते, पुन्हा पुन्हा, आणि काहीतरी उरतंच.

आई आता वांगणीला मामाकडे राहते. मळ्याच्या कडेला घर आहे, हवा चांगली आहे. बदलापूरहून फार लांब नाही, पण बरोबर निघणं आणि बरोबर परतणं संपलं. खोलीत मी एकटी असते. संध्याकाळी कुलूप उघडण्याआधी माझीच ओढणी झटकते. तीनदा. त्यातून येणारा वास माझ्या कपड्यांचा वाटत नाही.

रविवारी मी तिच्याकडे जाते. ती पहिल्यांदा माझी ओढणी नाकाशी नेते.

"सागवान नाही हे. बोर्ड आहे."

"शाळेच्या कपाटांची ऑर्डर आहे."

"आणि कोपरे कोण मारतंय? सँडर कोपऱ्यात जात नाही."

"मिस्त्रींचा भाचा मारतो."

"अंगठ्याने मारतो की बोटांनी?"

मला ते माहीत नसतं. मग ती मामाच्या दाराच्या चौकटीवर तळवा फिरवत बसते आणि म्हणते, किती खरखरीत केलंय मेल्याने.

दिवाळीच्या आधी कारखान्यात काम दुप्पट होतं. सेठ दोनदा येऊन विचारून गेले, आई येईल का, दोन महिन्यांपुरती. टेबल तसंच आहे. कलेक्टर इतका चांगला कधीच नव्हता, हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्या रविवारी आईनेही तेच काढलं. मामी भाकऱ्या करत होती, आई ओट्यापाशी बसून माझ्याकडे बघत होती.

"पिशवी मुरली का?"

"मुरली."

"उन्हात बघितलंस? माझ्या जागेवर उभी राहून?"

"बघितलं. काही दिसत नाही."

"मग येते मी. दोनच महिने. तू असतेसच की जवळ."

मला 'ये' म्हणायचं होतं. या सगळ्या लिहिण्यात दुसरं काही खरं नसेल तर एवढं खरं आहे. मला तिचा डबा भरायचा होता, तिच्याबरोबर कारखान्यासाठी विठ्ठलवाडी स्टेशनला उतरायचं होतं, तिचे टोमणे ऐकायचे होते. मशीन माझ्या बाजूने होतं, सेठ माझ्या बाजूने होते, आईही माझ्याच बाजूने होती. पण उन्हात जे दिसत नाही ते नसतंच असं नाही, हे मला आता माहीत होतं. कुठलीच पिशवी सगळं अडवत नाही. जे सुटतं ते धडधाकट माणसाला चालतं, तिला चालणार नव्हतं.

"नको येऊ," मी म्हटलं.

"कोण म्हणतंय? माझी मुलगी की पुढारीणबाई?"

"दोघीही."

ती उठून आत गेली. जेवताना मामीशी बोलली, माझ्याशी नाही. संध्याकाळी स्टेशनवर सोडायला मात्र आली. तिचा राग असा असतो, सोबत सोडत नाही. पुलाच्या पायऱ्यांवर ती माझ्या पुढे चालत होती. मधल्या टप्प्यावर थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. या वेळी चप्पल नीट केल्यासारखं केलं नाही. खांदे वर खाली होत होते. समोर भाताची शेतं होती, कापणीला आलेली, आणि हवेत काहीही नव्हतं.

"इथे कुठे आलीय धूळ," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

सोमवारी मी सेठना सांगितलं की आई येणार नाही, आता नाही आणि नंतरही नाही. टेबलासाठी दुसरं माणूस बघा, आणि जे येईल त्याला आधी मशीन दाखवायचं, मग पेपर हातात द्यायचा. सेठ म्हणाले, बरं. जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"आणखी काहीतरी म्हणाले असतील."

म्हणाले होते. मी ते तिला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. म्हणून सांगितलं, "ते म्हणाले, तो हात परत मिळणार नाही."

"हं," आई म्हणाली. मग पलीकडून बराच वेळ फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. तिनेही फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.